आभाराच्या पत्रातले चार आकडे

रंगाच्या कारखान्यातली प्रयोगशाळा दोन महिन्यांनी बंद होणार हे नक्की झालं, तेव्हा तिथल्या पाच माणसांपैकी चौघांची सोय आठवड्याभरात लागली. दोघींना कारखान्यानेच खरेदी विभागात घेतलं, एकाला पुतण्याने आपल्याकडे बोलावलं, आणि एक जण तसाही निवृत्तीला टेकला होता. उरली ती काटे तपासणारी. तिला सगळे ग्रॅमताई म्हणत. हे नाव माल चढवणाऱ्या हमालांनी ठेवलं होतं आणि चढत चढत ते व्यवस्थापकांच्या खोलीपर्यंत पोचलं होतं. तिची त्याला हरकत नव्हती. तिच्या मते नाव चुकीचं होतं, कारण तिचं खरं काम मिलिग्रॅममध्ये चाले, पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

एकोणीस वर्षं ती कारखान्यातला प्रत्येक काटा खरं बोलतो की नाही हे पाहत होती. मोठ्या काट्यांवर पिंपं चढत, मधल्यांवर पोती. काचेच्या पेटीतला एक काटा मात्र असा होता की वजनावर बोटाचा ठसा उमटला तर त्या ठशाचंही वजन दिसे. वजनांना ती हात लावत नसे, चिमट्याने उचलत असे. आकडा स्थिर होईपर्यंत खुर्चीत मागे रेलून बसे, कारण अंगाच्या उबेनेसुद्धा पेटीतली हवा हलते. एका आकड्यावर तिने कधी विश्वास ठेवला नाही, निदान दहा घ्यायची. आणि कुणाचा काटा चुकत असला, तर वहीत लिहिण्याआधी त्या काट्यावरच्या माणसाला जवळ बोलवायची. “तुम्ही वाचा बरं. मला दिसतंय ते मला पटत नाहीये.” तो वाचायचा, मान हलवायचा, मग ती लिहायची. नियमांत हे कुठे नव्हतं. तिच्या आधीच्या बाईंनी तिला तसं शिकवलं होतं.

आता या कामाची जागा शहरात एकाच ठिकाणी रिकामी होती, वजनमापं तपासणाऱ्या संस्थेत. अशा जागांची जाहिरात नावापुरती निघते. माणूस आधी कुणाच्या तरी ओळखीने डोळ्यांसमोर आलेला असतो. ग्रॅमताईची तिथे कुणाशी ओळख नव्हती, आणि तिथला सगळा कारभार इंग्रजीत होता.

घरी दुसरी वाट तयार होती. नवऱ्याचं आणि धाकट्या दिरांचं पडद्यांचं दुकान होतं. दीर गिऱ्हाईक सांभाळत, नवरा लोकांच्या घरी जाऊन मापं घेई आणि पडदे टांगून येई. एक तारखेला दुसरं दुकान उघडणार होतं.

“वहिनी, तुम्ही या आता,” दीर म्हणाले. “दादाला दोन दुकानांची मापं एकट्याला झेपणार नाहीत. आणि तुमच्याइतकं माप कोण काटेकोर घेणार?”

“भाऊजी, तुमची मापं वेगळी, माझी वेगळी.”

“वेगळी कसली? उलट आमच्याकडे आराम. दोन सेंटिमीटर इकडचे तिकडे झाले तरी चुण्यांमध्ये जातात.”

“यांचं निम्मं आयुष्य चुण्यांमध्येच गेलंय,” जाऊ म्हणाली. जाऊ दुकानात शिवणयंत्रावर बसे आणि तिला बोलायचा अधिकार होता.

नवरा पाण्याचा पेला फिरवत बसला होता. “मी काही म्हणत नाही,” तो म्हणाला. म्हणजे त्याला बरंच म्हणायचं होतं.

“पंचवीस तारखेपर्यंत सांगते,” ग्रॅमताई म्हणाली.

पडद्यांशी तिचं वैर नव्हतं. भाऊजी मनापासून बोलावत होते, हे तिला दिसत होतं आणि म्हणूनच जीव टांगणीला लागला होता. एकदा दुकानात बसली की परत काट्यापाशी कुणी बोलावणार नाही, हे तिला ठाऊक होतं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी दोन वर्षांचा खंड पडला, की अर्ज न वाचताच बाजूला जातो.

म्हणून तिने वर्ग लावला. मोटार चालवायला शिकवणाऱ्या संस्थेच्या वर, तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती. दर रविवारी सकाळी आणि बुधवारी संध्याकाळी तिथे इंग्रजी शिकवलं जाई, आणि तेही एकाच कामापुरतं: अनोळखी माणसाशी धंद्याची ओळख कशी करून घ्यायची. शिकवणाऱ्या मॅडम ग्रॅमताईहून दहा वर्षांनी लहान. अकरा वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षात उभ्या राहिलेल्या. त्या अजूनही उभ्यानेच शिकवत.

इंग्रजी ग्रॅमताईला येत नव्हतं असं नाही. वजनमापांची सगळी मानकं इंग्रजीत होती आणि ती तिने कोळून प्यायली होती. पण ते इंग्रजी डोळ्यांपाशी थांबे, जिभेवर उतरत नसे. कुणी विचारलं की ती आधी मनात वाक्य जुळवी, मग तपासे, मग पुन्हा एकदा तपासे. तोवर समोरचा माणूस दुसरीकडे वळलेला असे.

खुर्च्या भिंतीला लावून वर्गातली चौदा माणसं समोरासमोर उभी राहत. मॅडम टेबलावरची घंटी वाजवत. दोन मिनिटं बोलायचं, घंटी वाजली की एक पाऊल उजवीकडे सरकून नवा माणूस. ग्रॅमताईच्या वाट्याला बहुधा लिफ्ट दुरुस्त करणारा एक गृहस्थ येई. त्याला सगळे लिफ्टवाले म्हणत. इंग्रजी तो धडाधड चुकीचं बोले आणि त्याचं काही अडत नसे.

“ताई, तुमचं पहिलं वाक्य येईपर्यंत माझी लिफ्ट आठव्या मजल्यावर जाऊन परत आली.”

“जुळवत होते.”

“जुळवा, जुळवा. मी दार धरून उभा आहे.”

मॅडम शिकवत ते ग्रॅमताई वहीत उतरवून घेई, आणि त्यातलं बरंचसं तिला पटे, कारण ते निरीक्षणावर आधारलेलं होतं. पेला डाव्या हातात धरावा, म्हणजे उजवा कोरडा राहतो. नावाची चिठ्ठी उजव्या बाजूला लावावी, हात मिळवताना नजर आपोआप तिथे जाते. दोन माणसं एकमेकांकडे सरळ तोंड करून उभी असली तर मध्ये शिरू नये. तिघांपैकी एकाचा पाय बाहेर वळलेला असला तर तिथे जागा आहे. स्वतःची ओळख पंचेचाळीस सेकंदांत संपवावी. भेटीनंतर चोवीस तासांच्या आत आभाराचं पत्र जावं, आणि त्यात त्या भेटीतली एक तरी नेमकी गोष्ट असावी.

“नुसतं ‘भेटून आनंद झाला’ कुणी वाचत नाही,” मॅडम म्हणाल्या. “नेमकी गोष्ट लिहा. त्याशिवाय त्यांना तुम्ही आठवणार नाही.”

आणि सगळ्यांत वर, दोनदा अधोरेखित केलेलं: खोलीत शिरलात की आधी बघा, निर्णय कुणाच्या हातात आहे. वेळ थोडा असतो, तो त्या माणसावर घालवा.

“आणि बाकीची माणसं?” लिफ्टवाल्याने विचारलं.

“त्यांच्याकडे बघून हसा.”

ग्रॅमताईच्या ओळखीचा पहिला मसुदा दोन मिनिटं दहा सेकंदांचा झाला. त्यात ‘साधारणपणे’ चार वेळा आणि ‘माझ्या माहितीप्रमाणे’ दोनदा होतं. मॅडमनी ते सगळं छाटलं. ग्रॅमताईला ते आपल्या अंगावरचे कपडे कमी केल्यासारखं वाटलं, पण पंचेचाळीस सेकंद म्हणजे पंचेचाळीस सेकंद. तिने ते पाठ केलं. भांडी घासताना म्हणू लागली. जावेलाही ते निम्मं पाठ झालं.

आठ तारखेला, शनिवारी, शहरातल्या मोठ्या सभागृहात यंत्रांचं आणि उपकरणांचं प्रदर्शन होतं. मॅडम सगळ्या वर्गाला घेऊन गेल्या. हीच परीक्षा. वजनमापांच्या संस्थेचा स्टॉल कुठे असेल, तिचे प्रमुख साहेब दिसतात कसे, त्यांचा फोटो, सगळं ग्रॅमताईने आधी पाहून ठेवलं होतं. साहेब अकरा ते बारा स्टॉलवर असणार होते.

ती अकरा वाजून पाच मिनिटांनी पोचली. साहेबांभोवती कडं होतं. दोन दोन माणसं सरळ तोंड करून उभी, कुणाचा पाय बाहेर वळलेला नाही. ती दीड मीटरवर थांबली.

तिथे टेबलावर काचेच्या पेटीतला एक काटा मांडला होता, आणि त्याचा आकडा मागच्या मोठ्या पडद्यावर उमटत होता. निळा कोट घातलेली तिशीतली एक बाई लोकांना तो दाखवत होती. चिमट्याने शंभर ग्रॅमचं वजन ठेवायची, दार सरकवायची, थांबायची. हात चांगला होता, हे ग्रॅमताईने पहिल्याच खेपेला पाहिलं. लोक मात्र टेबलावर कोपरं टेकत, पिशव्या ठेवत, पोरं उचलून बसवत.

अकरा दहाला आकडा बरोबर होता. अकरा चोवीसला अर्ध्या मिलिग्रॅमने खाली. अकरा छत्तीसला एकाने. अकरा अठ्ठेचाळीसला सव्वा मिलिग्रॅमने. इतका फरक त्या गर्दीत कुणाच्या लक्षात येणारा नव्हता. तिने वाकून काट्याच्या पायाशी असलेला पातळीचा बुडबुडा पाहिला. तो रिंगणाच्या मधोमध हवा होता, आणि डावीकडे सरकलेला होता.

निळ्या कोटातल्या बाईने मान वर केली. ग्रॅमताई तिच्याकडे बघून हसली. थोड्या वेळाने पुन्हा नजरानजर झाली, तेव्हा पुन्हा हसली. मग साहेबांसमोरचा माणूस बाजूला झाला आणि ती पुढे गेली.

उजवा हात कोरडा होता. तिने ओळख सांगितली, न अडखळता, चव्वेचाळीस सेकंदांत. साहेबांनी ती ऐकली. त्या सकाळी त्यांनी तशा वीस-पंचवीस ऐकल्या असाव्यात. ते “फारच छान” म्हणाले, माहितीपत्रक तिच्या हातात दिलं आणि तिच्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे पाहिलं. ती शिकवल्याप्रमाणे म्हणाली, “तुमचा अधिक वेळ घेत नाही,” आणि निघाली. एकूण सत्तर सेकंद.

“काय झालं?” लिफ्टवाल्याने दारात विचारलं. त्याच्या हातात सहा जणांची कार्डं होती.

“माहितीपत्रक मिळालं.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून ती आभाराचं पत्र लिहायला बसली. त्यात भेटीतली एक नेमकी गोष्ट हवी होती. साहेब ‘फारच छान’ आणि ‘घेऊन जा’ याखेरीज काहीच बोलले नव्हते. तिने आठवून आठवून पाहिलं. त्या स्टॉलवर नेमकं असं एकच होतं. तिने लिहिलं:

“काल आपल्या स्टॉलवर भेट झाली, आभारी आहे. आपल्या काट्यावर ठेवलेल्या शंभर ग्रॅमच्या वजनाचे चार आकडे मी पाहिले, ते वेळांसह खाली देत आहे. फरक एकाच दिशेने वाढत गेला आहे. पातळीचा बुडबुडा डावीकडे सरकलेला दिसला, त्यामुळे टेबल कलत असावं. मी दीड मीटरवरून पाहिलं आहे, तेव्हा बुडबुड्याबाबत माझी चूक होऊ शकते. आकड्यांबाबत नाही.”

खाली चार ओळींचा तक्ता. तिने पत्र दोनदा वाचलं, तक्ता तीनदा तपासला आणि साडेसहाला पाठवून दिलं. नियमाप्रमाणे एक प्रत मॅडमना गेली.

दहाच्या वर्गात मॅडम फळ्याकडे गेल्याच नाहीत. सरळ तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

“ताई, हे आभाराचं पत्र आहे की पंचनामा?”

“नेमकी गोष्ट लिहा म्हणाल्या होतात.”

“नेमकी म्हणजे गोड नेमकी! तुमच्या स्टॉलची मांडणी आवडली, तुमचं अमुक वाक्य लक्षात राहिलं...”

“ते काही बोललेच नाहीत.”

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग बसल्या, हे त्या क्वचितच करत. त्यांनी तिथल्या तिथे दुसरं पत्र तयार केलं. आज सकाळच्या पत्राबद्दल दिलगीर आहे. गर्दीत माझ्या पाहण्यात चूक झाली असावी. आपल्या संस्थेच्या कामाबद्दल मला अतिशय आदर आहे.

ग्रॅमताईने ते वाचलं. “आदर आहे ते ठीक. पण चूक झाली नाही.”

“झाली असावी, असं लिहिलंय. झाली असं कुठे म्हटलंय?”

“झाली असावी असंही मला वाटत नाही.”

“ताई,” लिफ्टवाला मध्ये पडला, “आमच्यातही बिल्डिंगच्या मालकाला तुमची लिफ्ट बिघडली असं तोंडावर म्हणत नाहीत. जरा बघून घेतो म्हणतात. पाठवून टाका. दोन ओळींनी कुणाचं काय जातंय?”

“तुम्ही बघून घेता ना पण?”

“घेतो की.”

“मग तुमचं खोटं नाही. माझं होईल.”

मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मी तुमचं हित बघतेय. ती जागा तुम्हाला हवी आहे की नको?” ग्रॅमताईला जागा हवी होती. तिने ते पत्र वहीत ठेवून दिलं आणि पाठवलं नाही.

दहा दिवस काहीच झालं नाही. प्रयोगशाळेतली कपाटं रिकामी होऊ लागली. भाऊजींनी नव्या दुकानाच्या पाटीचा नमुना घरी आणून दाखवला आणि रंगाबद्दल तिचं मत विचारलं. तिने ते दिलं.

एकोणीस तारखेला दुपारी उत्तर आलं. साहेबांचं नव्हतं. निळ्या कोटातल्या बाईचं होतं, तीन वाक्यांचं. तुमचं पत्र माझ्याकडे आलं आहे आणि माझ्याकडून खुलासा मागितला आहे. काटा मी सकाळी साडेनऊला पातळीत आणला होता. तुम्ही तिथे किती वेळ उभ्या होतात?

ग्रॅमताईने लिहिलं, “चाळीस मिनिटांहून थोडा जास्त.”

लगेच दुसरं आलं. “मग मला का नाही सांगितलंत?”

ती मोबाइल हातात धरून बसून राहिली. एकोणीस वर्षांत तिने एकाही माणसाच्या पाठीमागे आकडा लिहिला नव्हता. त्या दिवशी काट्यावरचं माणूस दीड मीटरवर होतं. हाक मारायचीसुद्धा गरज नव्हती. ती त्या बाईकडे दोनदा बघून हसली होती, आणि मग घरी येऊन तिच्या साहेबांना तक्ता पाठवला होता. आकडे बरोबर होते म्हणून ती दहा दिवस शांत झोपली होती.

या प्रश्नाला लिहून उत्तर देण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि संस्थेत गेली.

स्वागतकक्षात चार खुर्च्या आणि एक कुंडी होती. निळ्या कोटातली बाई आली, बसली नाही.

“जागेसाठी आल्या असाल तर ती सोमवारी भरली,” ती इंग्रजीत म्हणाली. “आमच्यातल्याच एकाला दिली.”

ग्रॅमताईने ते ऐकून घेतलं. एक श्वास घेण्याइतका वेळ गेला. त्या वेळात नवं दुकान, पाटी, चुण्या, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं.

“जागेसाठी नाही,” ती म्हणाली. तिने काहीच पाठ करून आणलं नव्हतं, त्यामुळे शब्द एकेक करून येत होते. “तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मी नेहमी आधी सांगते. त्या दिवशी नाही सांगितलं.”

“का?”

“मला शिकवलं होतं, मोठ्या साहेबांना गाठायचं. बाकीच्यांकडे बघून हसायचं.”

ती बाई तिच्याकडे पाहत राहिली. “दोनदा हसलात तुम्ही. मला वाटलं, कुणीतरी ओळखीचं आहे, आठवत कसं नाही. दिवसभर डोकं खाजवत होते.”

“चूक झाली.”

“म्हणजे आकडे मागे घेताय?”

“नाही. आकडे बरोबर आहेत.”

“ते मला माहीत आहे.” ती आता बसली. “संध्याकाळी काटा आवरायला घेतला तेव्हा बुडबुडा कडेला टेकलेला होता. खुलाशात मी तसंच लिहिलंय. टेबल हलकं होतं. साहेबांना मी आधीच म्हटलं होतं, प्रदर्शनात काट्याखाली जड दगडी पाट हवाच. ते म्हणाले, दिसायला बरं नाही दिसणार.”

“पाट टेबलावर ठेवून नाही चालणार,” ग्रॅमताई म्हणाली. “त्याला वेगळे पाय हवेत. लोक टेबलावर रेलोत, पाटाला धक्का लागता कामा नये.”

“वेगळे पाय म्हणजे कसे?”

ग्रॅमताईने पिशवीतून कागद काढला. मॅडमच्या दिलगिरीच्या पत्राची पाठ कोरी होती, तिच्यावर तिने टेबल काढलं, टेबलाला मधोमध चौकोनी भोक, आणि भोकातून वर आलेला पाट, कुठेही न टेकणारा. बाईने तिच्या हातातलं पेन घेऊन पायांची जागा बदलली. ग्रॅमताईला ते पटलं नाही. मग त्या दोघी पायांवरून वाद घालू लागल्या. तो अर्धा तास चालला. त्यात ग्रॅमताईची क्रियापदं जागोजाग चुकली. बाईने एकदाही दुरुस्त केलं नाही, फक्त एका मापाला हरकत घेतली.

उठताना बाई म्हणाली, “एक दुधाचा कारखाना आहे. त्यांची वजनं सहा महिन्यांनी आमच्याकडे येतात. मागच्या खेपेला त्यांच्यावर अंगठ्यांचे ठसे होते.”

“वजनांवर?” ग्रॅमताईला हे ऐकवलं नाही.

“त्यांचा माणूस सोडून गेला. चार महिने कुणी नाही. व्यवस्थापक दर आठवड्याला मला फोन करतो, कुणी आहे का म्हणून. मी नावं देत नाही. उद्या काही झालं तर माझ्या नावाने बोंब.” तिने मोबाइल काढला आणि ग्रॅमताईला काही विचारायच्या आत नंबर लावला.

पुढचं बोलणं ग्रॅमताईने एका बाजूचंच ऐकलं. “एक बाई आहेत. हो, समोरच बसल्या आहेत. एकोणीस वर्षं. नाही, मैत्रीण नाही. नातलग पण नाही. त्यांनी माझी तक्रार केली होती... हो, माझीच. साहेबांकडे... नाही हो, खरी होती, म्हणून तर सांगतेय. इंग्रजी? सावकाश बोलतात. घ्या, तुम्हीच बोला.”

मोबाइल तिच्या हातात आला. पलीकडच्या व्यवस्थापकाचं इंग्रजी तिच्याहून कच्चं होतं, आणि तो फार घाईत होता. चार तारखेला तपासणीस येणार, वह्या कोऱ्या आहेत, पगार सांगतो, आधी येऊन बघून जा, वगैरे. ओळख सांगायला तिला पंचेचाळीस सेकंद मिळाले नाहीत. पाचही मिळाले नाहीत. त्याने श्वास घेतला तेव्हा तिने विचारलं, “काटा कुठे ठेवलाय?”

“कुठे म्हणजे? प्रयोगशाळेत.”

“कशावर?”

“लाकडी टेबल आहे एक. बॉयलरच्या खोलीला लागून. का?”

“वर पंखा आहे?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माणूस बहुधा वर बघायला उठला होता. “आहे,” तो म्हणाला.

“काटा तिथून हलवा. विरुद्ध भिंतीला. टेबलाखाली काही ठेवू नका, आणि हलवल्यावर एक पूर्ण दिवस हात लावू नका. मी सोमवारी बघायला येते.”

“बघायला,” व्यवस्थापक म्हणाला, “की कामाला?”

“सोमवारी बघायला. एक तारखेला कामाला.”

निळ्या कोटातली बाई कुंडीतलं पिवळं पान खुडत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिचा हात थांबला होता.

रविवारी वर्गाचा शेवटचा दिवस होता. मॅडमनी प्रत्येकाला पुढे बोलावून, कुणाला काय मिळालं ते सांगायला लावलं. ग्रॅमताईने सगळं क्रमाने सांगितलं, तक्त्यापासून बॉयलरपर्यंत. लिफ्टवाल्याने टाळी वाजवली. मॅडम घंटीवर हात ठेवून उभ्या होत्या.

“हे मी पुढच्या तुकडीला कसं शिकवू?” त्या शेवटी म्हणाल्या.

“नका शिकवू,” ग्रॅमताई म्हणाली. “ज्याचा काटा त्याला आधी सांगा, एवढंच शिकवा.”

सोमवारी दुधाच्या कारखान्यातून ती उशिरा परतली. काटा हलवलेला होता, पण चुकीच्या भिंतीला. ती तशीच दुकानात गेली. भाऊजी शिडीवर चढून नव्या पडद्यांचे गठ्ठे लावत होते.

“भाऊजी, खाली या. बोलायचंय.”

ते उतरले. तिने सांगितलं. भाऊजींनी हातातली टेप गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“किती लांब आहे?”

“दोन बस. एक तास वीस मिनिटं.”

“आमचं नवं दुकान घरापासून सहा मिनिटांवर आहे, वहिनी.”

“हो.”

“आणि तिथे दुधाचा वास मारत असेल.”

“मारतो.”

“मग?”

जाऊने शिवणयंत्र थांबवलं. “तुम्ही विचारलंत, त्यांनी सांगितलं. आता किती वेळा विचारणार? दुसरं माणूस बघा मापाला.” मग ग्रॅमताईकडे वळून म्हणाली, “तुला डबा किती वाजता लागेल, ते सांग.”

नवरा आतून पडद्याची दांडी खांद्यावर घेऊन आला होता आणि दारातच उभा होता. ग्रॅमताईने त्याच्याकडे पाहिलं, मग जावेकडे.

“पहिली बस सहा दहाची आहे,” ती म्हणाली.